‘कंटेंट सेम आहे’: फिटच्या गोळ्यांचं नाव, दाम आणि भरवसा

मावशीने कॅरिबॅग बाजेवर उलटी केली आणि गोळ्यांची नऊ पाकिटं चादरीवर पडली. काही अख्खी, काही कात्रीने कापलेली. दोन-तीन तुकड्यांवर नाव उरलंच नव्हतं, मागची चांदी तेवढी चमकत होती. मावशीने ती हाताने दोन ढिगांत लावली. “ही सकाळची, ही रातची. ही भोकरदनच्या डॉक्टरनं दिलेली, ही बुलढाण्याच्या. नावं येगळी हायेत ना, म्हणून दोन्ही देते.” मी पाकिटं उजेडात धरली. मोठ्या अक्षरांतली नावं खरंच वेगळी होती. त्यांच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं औषध मात्र एकच होतं: फेनिटॉइन.

माझा मावसभाऊ तेव्हा बावीस वर्षांचा होता. दहा-बारा दिवसांपासून तो भिंत धरून चालत होता, एकाचे दोन दिसतात म्हणत होता, बोलताना त्याची जीभ जड पडत होती. पोरगं प्यायला लागलं, अशी गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. तो दारूला शिवलाही नव्हता. एकाच औषधाचा दुप्पट डोस त्याच्या पोटात जात होता. आणि मधल्या काळात फोनवर मावशीला मीच सांगितलं होतं, “जे लिहून दिलंय ते सगळं दे, एकही चुकवू नको.” ही दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. हा लेख तेव्हापासून डोक्यात आहे.

धावडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचं गाव. पलीकडे बुलढाणा जिल्हा लागतो. अशा सीमेवरच्या गावात आजारी माणूस एकाच ठिकाणी जात नाही. कुणी भोकरदनला जातो, कुणी सिल्लोडला, कुणी बुलढाण्याला. फारच झालं तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. प्रत्येक गावचा डॉक्टर वेगळा, त्याची चिठ्ठी वेगळी, त्याच्या दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये मिळणारी कंपनी वेगळी. मिरगीचं औषध दोन-पाच वर्षं, कित्येकांना जन्मभर, रोज घ्यायचं असतं. म्हणजे या पंचक्रोशीतला फिटचा रुग्ण पाच वर्षांत पाच-सहा कंपन्यांच्या गोळ्या सहज खातो. कुणी ठरवून त्या बदललेल्या नसतात. त्या दिवशी जी मिळाली ती घेतलेली असते. काउंटरवरचं उत्तरही ठरलेलं: “ती कंपनी नाही, ही घ्या. कंटेंट सेम आहे.”

कंटेंट सेम असणं पुरेसं आहे का? जेनेरिक की ब्रँडेड, या सगळ्या वादाचा गाभा एवढाच आहे. त्याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यांवर, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, मी विश्वास ठेवत नाही.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. अमेरिकेत किंवा युरोपात ब्रँड म्हणजे औषध शोधून काढणाऱ्या कंपनीचं मूळ उत्पादन, आणि जेनेरिक म्हणजे पेटंट संपल्यावर इतरांनी काढलेली त्याची प्रत. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंटच काढून टाकलं आणि ते २००५ पर्यंत नव्हतं. त्या पस्तीस वर्षांत आपल्या कंपन्यांनी जगातली औषधं आपापल्या पद्धतीने बनवली आणि प्रत्येकीने त्यांना आपलं नाव दिलं. त्यामुळे ज्याला आपण ‘ब्रँडेड’ म्हणतो ते बहुतेक वेळा नाव लावलेलं जेनेरिकच असतं. खेड्यापाड्यांत फिटच्या गोळीला लोक सरळ ‘इप्टॉइन’ म्हणतात, जसं वनस्पती तुपाला डालडा. पण फेनिटॉइनचं मूळ नाव इप्टॉइन नव्हे. अमेरिकेत ते १९३८ पासून वापरात आलं ते डायलँटिन या नावाने. कार्बामाझेपिनचं टेग्रेटॉल हे जुन्या मूळ कंपनीचं नाव आपल्याकडे टिकलं. पण लेव्हेटिरासिटाम घ्या किंवा व्हॅलप्रोएट घ्या, मेडिकलच्या फळीवर उभी असलेली डझनभर नावं ही एकमेकांची भावंडंच आहेत. म्हणजे धावड्याच्या मावशीपुढची निवड तीन प्रकारच्या गोळ्यांतली होती: मोठ्या कंपनीचं नाव लावलेली, लहान कंपनीचं नाव लावलेली, आणि जनऔषधी केंद्रातली किंवा सरकारी दवाखान्यातली बिननावाची. तिन्ही जेनेरिकच.

आता फिटच्या औषधांचा एवढा बाऊ का? रक्तदाबाची गोळी थोडी कमी-जास्त लागू पडली तर आकडा दोन-चारने हलतो, पुढच्या महिन्यात डॉक्टर सांभाळून घेतात. फिटचं तसं नाही. तीन वर्षं फिट न आलेल्या माणसाला एकदाच आली, आणि ती विहिरीच्या काठावर आली, चुलीपुढे आली, मोटारसायकलवर आली, तर तीन वर्षांची कमाई त्या एका मिनिटात जाते. कधी जीवही जातो. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, भारतात १ कोटीहून अधिक. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट औषध मिळालं तर यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. ‘नीट’ या शब्दात सगळं आलं. औषध रक्तात एका ठरावीक पातळीवर, दिवसरात्र, खंड न पडता राहिलं पाहिजे.

या बाबतीत फेनिटॉइनइतकं हट्टी औषध दुसरं नाही. त्याची रक्तातली योग्य पातळी मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम. त्याखाली फिट येऊ शकते, त्यावर गेलं की डोळे लकलकतात, तोल जातो, झोप झोप होते. त्यातून यकृताची हे औषध पचवायची ताकद एका मर्यादेनंतर संपते. रोजच्या ३०० मिलिग्रॅमवर व्यवस्थित असलेला माणूस ४०० वर गेला तर पातळी तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही. ती दुपटीच्याही पुढे जाऊ शकते. भरलेल्या रांजणात तांब्याभर पाणी ओतलं की ते सगळं बाहेरच सांडतं, तसं. माझ्या मावसभावाला नेमकं हेच झालं होतं.

याच औषधाने जगाला ‘कंटेंट सेम’ या वाक्यातली पोकळी पहिल्यांदा दाखवली. १९६८ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात फेनिटॉइन घेणारे बरेच रुग्ण अचानक झिंगल्यासारखे होऊन दवाखान्यात येऊ लागले. औषध तेच होतं, मिलिग्रॅम तेवढेच होते, कंपनीही तीच. बदललं होतं ते कॅप्सूलमधलं भरीचं चूर्ण. आधी कॅल्शियम सल्फेट होतं, त्याऐवजी लॅक्टोज आलं. कॅल्शियम सल्फेटमुळे औषधाचा काही भाग आतड्यात शोषलाच जात नव्हता, आणि डॉक्टरांनी नकळत त्या हिशोबानेच डोस बसवले होते. लॅक्टोज आल्यावर औषध पुरं शोषलं जाऊ लागलं आणि पातळी चढली. मुख्य औषधाला कुणी हातही लावला नव्हता. गोळीत औषध किती आहे हे एक, आणि त्यातलं किती, किती वेगाने रक्तात उतरतं हे दुसरं. हा धडा तिथून औषधशास्त्राने घेतला.

या दुसऱ्या गोष्टीची तपासणी म्हणजे जैवसमतुल्यता चाचणी. निरोगी स्वयंसेवकांना मूळ गोळी आणि नवी गोळी आलटून-पालटून देतात, ठरावीक वेळाने रक्त काढतात आणि दोन्ही आलेख ताडून बघतात. नियमात ८० ते १२५ टक्के असे आकडे येतात. त्यावरून ‘जेनेरिकमध्ये औषध २० टक्के कमी चालतं’ असा समज पसरला आहे, डॉक्टरांतसुद्धा. तो चुकीचा आहे. सरासरीच्या भोवतालचा संख्याशास्त्रीय विश्वासाचा पट्टा पूर्णच्या पूर्ण या दोन खुंट्यांच्या आत बसावा लागतो. तो बसायचा तर सरासरी १०० च्या अगदी जवळ असावीच लागते. अमेरिकेत मंजूर झालेल्या दोन हजारांवर चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा रक्तात उतरलेल्या औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. युरोपने तर ज्या औषधांत चुकीला वाव कमी, त्यांच्यासाठी हा पट्टा आणखी आवळून साधारण ९० ते १११ केला.

तरीही मेंदूविकारतज्ज्ञांचा जीव बराच काळ खालीवर होत राहिला. कॅनडात सक्तीने जेनेरिकवर नेलेल्या रुग्णांपैकी फिटच्या औषधांत १३ ते २१ टक्के लोक जुन्या ब्रँडवर परतल्याचं दिसलं. इतर आजारांच्या औषधांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होतं. २००७ मध्ये अमेरिकन एपिलेप्सी सोसायटीने डॉक्टर आणि रुग्णाच्या संमतीवाचून कंपनी बदलू नये, अशी भूमिका घेतली. मग नेटाने अभ्यास झाले. लॅमोट्रिजिनच्या बाजारातल्या, एकमेकींपासून सर्वांत वेगळ्या वाटणाऱ्या दोन जेनेरिक गोळ्या निवडून त्या प्रत्यक्ष रुग्णांना आलटून-पालटून दिल्या. २०१६ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात रक्तातली पातळी जुळली, फिटही वाढल्या नाहीत. विम्याच्या नोंदींवरून झालेल्या दुसऱ्या एका कामातून मला फार बोलकी गोष्ट कळली: नवीन पाकीट घ्यायची वेळ येते त्या दिवसांतच फिटची जोखीम किंचित वाढते, पाकीट त्याच कंपनीचं असलं तरी. कंपनी बदलल्याने त्यात फारशी भर पडत नाही. आधीच्या गोळ्या संपून नव्या येईपर्यंतचे एक-दोन दिवस, त्यातली चुकलेली एखादी वेळ, हे यामागचं सगळ्यात साधं कारण दिसतं. २०१६ मध्येच त्या सोसायटीने आपली भूमिका बदलली आणि मंजूर जेनेरिकला पाठिंबा दिला.

ब्रिटनने मधला रस्ता काढला आणि तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यांच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये फिटच्या औषधांचे तीन गट केले. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, प्रिमिडोन यांची कंपनी बदलू नका, जी सुरू आहे तीच द्या. व्हॅलप्रोएट, लॅमोट्रिजिन वगैरेंच्या बाबतीत डॉक्टरने त्या रुग्णाकडे बघून ठरवावं. लेव्हेटिरासिटाम, गॅबापेंटिनसारख्यांत कंपनी बदलली तरी सहसा हरकत नाही. औषध बघा, मग बोला, असा हा सरळ न्याय आहे.

पण हे सगळे दिलासे धावड्याला आणताना एक पूल मध्ये तुटलेला आहे. अमेरिकेतल्या अभ्यासांतल्या दोन्ही गोळ्यांनी जैवसमतुल्यता आधीच सिद्ध केलेली होती. आपल्याकडे औषध बाजारात येऊन चार वर्षं झाली की ते ‘नवं’ राहत नसे, आणि मग कोणत्याही राज्याचा परवाना अधिकारी ही चाचणी न मागता ते बनवायचा परवाना देऊ शकत असे. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी ही चाचणी सक्तीची झाली ती एप्रिल २०१७ मध्ये. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन याच गटातली. म्हणजे ज्या औषधांत ही चाचणी सर्वांत गरजेची, त्यांच्या २०१७ पूर्वी परवाना मिळालेल्या कित्येक गोळ्या ती न देताच फळीवर आल्या. हे नाव नसलेल्या गोळ्यांना जसं लागू आहे, तसंच चकचकीत नाव असलेल्यांनाही. रंगीत खोका हा चाचणीचा दाखला नव्हे.

गुणवत्तेचा दुसरा पुरावा सरकारनेच गोळा केलेला आहे. २०१४ ते २०१६ या काळात देशभर औषधांचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. दुकानांतून उचललेल्या नमुन्यांपैकी ३.१६ टक्के प्रमाणाबाहेर निघाले, सरकारी पुरवठ्यातल्या नमुन्यांपैकी १०.०२ टक्के. तिपटीहून जास्त! ज्याला दुकानातलं परवडत नाही त्याच्याच वाट्याला हे जास्त यावं, याचा मला संताप येतो आणि तो लपवायचं कारण नाही. नंतरच्या काळात नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या नमुन्यात औषधच नसल्याचं निघालं. २०२४ च्या अखेरीस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातल्या अॅझिथ्रोमायसिनचं प्रकरण मराठवाड्यात गाजलं. पण इथे एक गल्लत टाळली पाहिजे. हे बनावट औषध होतं, जेनेरिक नव्हे. बनावट माल नावाजलेल्या ब्रँडच्या वेष्टनातही येतो, किंबहुना खपतं तेच नाव चोरायला सोयीचं असतं. जेनेरिक वाईट म्हणून ब्रँड घ्या, असा सल्ला या बातम्यांवरून कुणी देत असेल तर तो अर्धवट आहे.

जनऔषधी योजनेला २००८ मध्ये सुरुवात झाली, २०१५ नंतर तिने वेग घेतला, आणि २०२३ च्या अखेरीस देशात दहा हजारावं केंद्र उघडलं. तिथल्या किमती बाजारातल्या ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्क्यांनी कमी असतात, आणि विक्रीला सोडण्याआधी प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. मेडिकलवाला ‘जेनेरिक’ म्हणून जे काढून देतो ते मात्र वेगळं प्रकरण. त्याच्यावर एमआरपी ब्रँडच्या बरोबरीने छापलेली असते. दुकानदाराला ते फार कमी भावात पडलेलं असतं, आणि तो दहा-वीस टक्के ‘सूट’ देऊन उरलेलं राखतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. सगळे दुकानदार असं करत नाहीत. पण ‘जेनेरिक’ हा शब्द ऐकला की स्वस्त मिळालं असं धरून चालू नये.

आता पैशाचा हिशोब. अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांवर २०१३ च्या आदेशाप्रमाणे कमाल किंमत बांधलेली आहे, फिटची मुख्य औषधं त्यात येतात. फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन तर इतकी जुनी आणि स्वस्त आहेत की चांगल्या कंपनीची घेतली तरी महिन्याला चहा-बिस्किटाच्या खर्चात बसतात. याउलट लेव्हेटिरासिटामची दिवसाला दोन वेळची गोळी, त्यात मोठा डोस, त्यावर जोडीला दुसरं औषध, असा महिन्याचा खर्च मजुरीच्या दोन-तीन दिवसांपर्यंत सहज जातो. म्हणजे गंमत बघा, जिथे कंपनी बदलण्याचा धोका जास्त, तिथे बदलून वाचणारे पैसे नगण्य. जिथे पैसे खरोखर वाचतात, तिथे धोका सर्वांत कमी. या एका गोष्टीने निम्मा वाद निकाली निघतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन सुरू असेल आणि फिट थांबल्या असतील तर त्या कंपनीला हात लावू नका, चार रुपयांसाठी तर मुळीच नाही. लेव्हेटिरासिटाम परवडत नाही म्हणून एक वेळची गोळी गाळणाऱ्याला मात्र हात धरून जनऔषधी केंद्रात न्या. गाळलेल्या गोळीपेक्षा वाईट गोळी नसते.

कायदा काय म्हणतो? औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर लिहिलेलं सोडून दुसरं काही देण्याची दुकानदाराला मुभा नाही, कंटेंट सेम असला तरी. हे किती दुकानांत पाळलं जातं ते आपल्याला माहीत आहे. डॉक्टरांनी जेनेरिक नावाने लिहावं, असं वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २००२ पासून आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते सक्तीचं केलं आणि डॉक्टरांच्या विरोधानंतर तीन आठवड्यांत स्थगित केलं. त्या नियमांतही चुकीला वाव नसलेली औषधं वगळलेली होती, ही गोष्ट त्या गदारोळात कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. डॉक्टरांचा आक्षेपही समजण्यासारखा आहे. चिठ्ठीवर नुसतं ‘फेनिटॉइन’ लिहिलं तर कंपनी निवडायचा अधिकार डॉक्टरकडून दुकानदाराकडे जातो, आणि दुकानदार मार्जिन बघणार. पण ब्रँड लिहिणाऱ्यालाही कंपनीचा प्रतिनिधी भेटून गेलेला असतो. मला विचाराल तर चिठ्ठीवर दोन्ही हवं: औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत, कंपनी त्याखाली. आणि फेनिटॉइनसारखं असेल तर ‘कंपनी बदलू नये’ हे तीन शब्द मराठीत.

पाकिटांवरची अक्षरं तरी आता सुधारली. २०१८ च्या नियमाने औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा दोन मापांनी मोठं छापणं बंधनकारक झालं. मावशीच्या वेळी ते असतं तर कदाचित तिच्या लक्षात आलं असतं. कदाचित नसतंही, कारण ते इंग्रजीत असतं.

दोन गोष्टी या वादात नेहमी मागे पडतात. एक म्हणजे त्या नावामागची शेपटी. सीआर, ईआर, क्रोनो, रिटार्ड. या गोळ्यांतलं औषध सावकाश सुटतं. साध्या गोळीच्या जागी ही आली किंवा हिच्या जागी साधी आली, तर कंटेंट सेम, मिलिग्रॅमही सेम, आणि तरी दिवसभराची पातळी डोंगर-दरीसारखी. अशा गोळ्या चावू किंवा कुटू नयेत, हे काउंटरवर क्वचितच सांगितलं जातं. दुसरी म्हणजे गोळी घरात कुठे राहते. कार्बामाझेपिनची गोळी दमट जागी राहिली तर घट्ट होते आणि तिचा एक तृतीयांशापर्यंत प्रभाव जाऊ शकतो. व्हॅलप्रोएट तर हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते खायच्या क्षणापर्यंत चांदीतच ठेवायचं. आपल्याकडे गोळ्यांची पिशवी कुठे असते? माठाच्या फळीवर, न्हाणीच्या कोनाड्यात, किंवा मे महिन्यात पत्र्याखालच्या खुंटीला. दुकानात कात्रीने पाकीट कापतात तेव्हा एखाद्या गोळीची चांदी फाटते. कापलेल्या तुकड्यावरची मुदत आणि बॅच नंबर दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे जातात. अशा घरात ब्रँडने जेनेरिकपेक्षा काय मोठं साधणार?

मुलींच्या बाबतीत कंपनीच्याही आधी औषधाचा विचार व्हायला हवा. व्हॅलप्रोएटमुळे गर्भाच्या मणक्यात व्यंग येण्याचा आणि मुलाच्या बुद्धीवर परिणाम होण्याचा धोका सिद्ध झालेला आहे. लग्नाच्या वयाच्या मुलीला ते सुरू असेल तर डॉक्टरशी आधीच बोलायला हवं. अडचण ही की आजारच लपवलेला असतो. विवाह कायद्यातून मिरगीचं कारण १९९९ मध्ये काढून टाकलं. तरी सासरी गेलेली मुलगी गोळी पोलक्यात लपवून नेते आणि चार महिन्यांत बंद करते. तिच्यासाठी जेनेरिक-ब्रँड हा प्रश्न उगवतच नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेला ‘संवेदना’ हा आधारगट अशा रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र बसवून बोलतं करतो. तसं काही भोकरदन-सिल्लोडला असायला हवं, असं मला फार वाटतं. एपिलेप्सी फाउंडेशनने डॉ. निर्मल सूर्य यांच्या पुढाकाराने राज्याच्या ग्रामीण भागात शिबिरं घेतली, औषधं दिली. शिबिरानंतरच्या दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या महिन्याची गोळी कुठून येणार, हा प्रश्न मग गावावर येतो.

धावड्याच्या परिसरातच जाळीचा देव हे महानुभाव पंथाचं मोठं स्थान आहे. बाहेरची बाधा झाली म्हणून माणसांना तिथे आणून ठेवतात. मिरगीची लेकरंही त्यांत असतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. देवाला जा आणि गोळीही घ्या, एवढंच मी आमच्या घरात म्हणत आलो. कांदा किंवा चप्पल नाकाला लावल्याने फिट थांबत नाही, ती बहुतेकदा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. तोवर माणसाला कुशीवर वळवावं आणि तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांपुढे गेली तर गाडी काढावी.

कर्नाटकातल्या येळंदूर भागात डॉ. के. एस. मणी यांनी खेड्यातल्या रुग्णांना फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन ही जुनी, स्वस्त औषधं देऊन वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या औषधांवर खेड्यातही आजार आटोक्यात येतो, फक्त ती दर महिन्याला हातात पडली पाहिजेत आणि नियमाने घेतली गेली पाहिजेत. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात या महिन्याला एका कंपनीची गोळी, पुढच्या महिन्याला दुसरीची, तिसऱ्या महिन्याला “साठा नाही, बाहेरून घ्या.” फेनोबार्बिटोन तर अमली पदार्थांच्या कायद्यात येत असल्याने त्याच्या नोंदींची कटकट नको म्हणून लहान दुकानदार ते ठेवतच नाही. राज्याने इतर कशाच्या आधी एवढं करावं: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि व्हॅलप्रोएट यांची खरेदी जैवसमतुल्यता दाखवणाऱ्या कंपनीकडूनच, तीही दोन-तीन वर्षांच्या कराराने, म्हणजे रुग्णाच्या हातात दर महिन्याला तीच गोळी पडेल. निविदेत सर्वांत स्वस्त कोण, हा प्रश्न या चार औषधांपुरता दुसऱ्या क्रमांकावर जाऊ दे.

मावसभावाचा दुहेरी डोस त्या दिवशीच थांबवला. रक्त तपासायला संभाजीनगरला न्यावं लागलं, कारण ही तपासणी जवळपास कुठे होत नव्हती. आठवडाभरात त्याची चाल सरळ झाली. पुढे एकाच डॉक्टरकडे एकाच कंपनीचं फेनिटॉइन चालू राहिलं, आणि तो आता स्वतःचा मळा बघतो. मोटेच्या जुन्या विहिरीवर मात्र मावशी त्याला अजून एकटा जाऊ देत नाही.

मावशीला वाचता येत नाही. तिने तिची रीत काढली. पाकीट संपत आलं की शेवटच्या दोन गोळ्या उरल्या असताना ते पाकीट घेऊन ती दुकानात जाते, काउंटरवर ठेवते आणि नव्या पाकिटाशी रंग, रेघ, अक्षरं लावून बघते. गेल्या श्रावणात मी सोबत होतो. दुकानातल्या पोराने दुसरंच पाकीट काढलं आणि म्हणाला, “काकू, कंपनी वेगळी आहे, पण कंटेंट सेम आहे.”

“व्हय, पर मला हेच पायजे,” मावशी म्हणाली.

“संध्याकाळच्या गाडीला भोकरदनहून मागवतो मग.”

मावशी दुकानाच्या पायरीवर बसली. पाऊस लागला होता. पदरात बांधलेल्या पाकिटात दोन गोळ्या होत्या, एक आज रातची, एक उद्याची.